गेल्या वर्षीचा दुष्काळ झाड यंदा का भोगतं?

माझी भाची अमेरिकेत, ॲरिझोनात पोस्टडॉक करते. दिवाळीत सगळे जमलो होतो तेव्हा व्हिडिओ कॉल लागला आणि अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, तिला थेट विचारलं, "तू तिथं करतेस काय नक्की?" ती म्हणाली, "आधीच्या हवामानाचा झाडांच्या वाढीवर काय परिणाम होतो, त्याचं मॉडेल बनवते, मामा." अण्णा निफाडकडे द्राक्षबाग करतात. म्हणाले, "पाऊस झाला तर झाड वाढतं, नाही झाला तर खुंटतं. एवढं सांगायला अमेरिकेला जावं लागतं होय?"

सगळे हसले आणि फराळाकडे वळले. अण्णांचा प्रश्न मलाही पटला होता, कबूल करते. पण पुढे कोलोरॅडो नदीच्या बातम्या वाचताना तो परत आठवला. या नदीच्या पाणीवाटपाचे सध्याचे नियम २०२६ अखेर संपतात आणि नव्या नियमांवरून तिथली सात राज्यं आपसात भांडतायत. त्या बातम्यांमध्ये मध्येच "झाडांच्या वलयांच्या अभ्यासानुसार" असं वाक्य येतं आणि पुढे स्पष्टीकरण काही नाही. शेवटी भाचीलाच फोन लावला. दोन रविवार तिने मला समजावलं. गंमत अशी की तिच्या कामाचा गाभा अण्णांना आधीपासून ठाऊक होता, फक्त त्यांनी तो द्राक्षात पाहिला होता.

पोस्टडॉकचंही सांगून टाकते. पीएचडी झाल्यावर, कायमची जागा मिळेपर्यंत, दोन-तीन वर्षांच्या कराराने एखाद्या गटात संशोधन करायचं, त्याला पोस्टडॉक म्हणतात. आमच्या घरात त्याचा अर्थ "पोरगी अजून शिकतेच आहे" असा धरतात. तिने तो खोडायचा नाद सोडलाय.

झाडाचं पासबुक

झाडाच्या सालीखाली एक पातळ जिवंत थर असतो. दरवर्षी तो आतल्या बाजूला नवं लाकूड घालतो. हंगामाच्या सुरुवातीला पाणी भरपूर, तेव्हाचं लाकूड फिकट आणि सैल. हंगाम सरत आला की गडद आणि घट्ट. फिकट-गडद अशी एक जोडी म्हणजे एक वर्षवलय. चांगल्या वर्षी वलय रुंद, वाईट वर्षी अरुंद.

वलयं बघायला झाड तोडावं लागत नाही. पोकळ गिरमिटासारखं एक हत्यार खोडात हाताने फिरवत आत नेतात आणि पेन्सिलीपेक्षा बारीक, जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची लाकडाची कांडी बाहेर काढतात. पाइनसारखं झाड ते भोक आपल्याच राळेने बुजवतं. कांडी लाकडी खाचेत चिकटवायची, बारीक बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने घासायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला बसायचं. दर दहाव्या वर्षाला पेन्सिलीचा एक ठिपका, पन्नासाव्याला दोन, शतकाला तीन. भाचीने फोटो पाठवला होता, त्यात कांडीवर ते ठिपके ओळीने बसले होते. मी मोजायला गेले आणि चाळीस वर्षांतच चुकले.

चुकण्याची सोय झाडातच आहे. फार कोरड्या वर्षी खोडाच्या काही भागात वलय उमटतच नाही. उलट ॲरिझोनात मे-जून कडक कोरडे जातात आणि जुलैत पाऊस येतो (त्याला तिथेही मान्सूनच म्हणतात). म्हणजे एकाच वर्षात झाड वाढतं, थांबतं, पुन्हा वाढतं आणि एकाच्या जागी दोन वलयं असल्यासारखं दिसतं. म्हणून कधीच एका झाडावर विसंबत नाहीत. एका परिसरातल्या अनेक झाडांच्या कांड्या शेजारी ठेवून रुंद-अरुंद वलयांची लय जुळवतात. सगळ्यांत एक वर्ष आहे आणि एकात नाही, तर त्या एकात वलय गायब आहे. ही पद्धत रूढ केली ए. ई. डग्लस यांनी. ते मुळात खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांच्या चक्राचा माग झाडांत सापडतो का, हे बघायला ते निघाले होते. ते काही पक्कं हाती आलं नाही, पण त्या नादात एक नवं शास्त्र उभं राहिलं आणि १९३७ साली टूसॉनच्या ॲरिझोना विद्यापीठात वृक्षवलयांची प्रयोगशाळा सुरू झाली. ती आजही चालू आहे.

नदीच्या भांडणात झाडं कुठून आली?

१९२२ साली सात राज्यांनी कोलोरॅडोचं पाणी वाटून घेतलं. वरच्या खोऱ्याला ७५ लाख एकरफूट, खालच्या खोऱ्याला तेवढंच. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन्ही मिळून सुमारे ६५३ टीएमसी, सहा कोयना धरणं भरूनही उरेल एवढं. पुढे १९४४ च्या करारात मेक्सिकोला आणखी ६५ टीएमसी कबूल केलं. एकूण झालं ७१८ च्या आसपास.

नदीत एवढं पाणी आहे हे कशावरून ठरवलं? तेव्हा हाताशी असलेल्या जेमतेम दोन-तीन दशकांच्या नोंदींवरून. १९७६ साली दोन संशोधकांनी खोऱ्यातल्या जुन्या झाडांच्या वलयांवरून नदीचा साडेचारशे वर्षांचा प्रवाह मांडला, तेव्हा कळलं की करार झाला तो काळ गेल्या अनेक शतकांतला फार ओला काळ होता. दीर्घकाळची सरासरी निघाली १३५ लाख एकरफूट, म्हणजे सुमारे ५८८ टीएमसी. लग्नातला आहेर बघून महिन्याचं बजेट आखावं, तसं झालं होतं. पुढच्या अभ्यासांनी नोंद इसवी सन ७६२ पर्यंत मागे नेली आणि बाराव्या शतकात दशकानुदशकं चाललेला दुष्काळ उजेडात आणला.

इथवर गोष्ट सरळ आहे. झाड म्हणजे जुना पर्जन्यमापक: वलय रुंद तर पाऊस जास्त, अरुंद तर कमी. अण्णा म्हणाले तेच. पण हा पर्जन्यमापक थोडा खोटं बोलतो, आणि भाचीचं काम तिथे सुरू होतं.

वलय यंदाचं, पण हिशेब कुठल्या वर्षाचा?

अमेरिकेच्या नैऋत्य भागात २००२ हे साल भयंकर कोरडं गेलं. तिथल्या झाडांच्या कांड्यांत २००२ चं वलय केसाएवढं असतं, कधी नसतंच. आता समजा २००३ ला पाऊस सुधारला. वलय लगेच पूर्ववत रुंद होईल का? बहुधा नाही. झाड पासबुकासारखं आहे, पण त्यातली प्रत्येक ओळ "मागील बाकी"ने सुरू होते. पगार आला तरी आधी उसनवारी फिटते.

तेव्हा २००३ चं वलय अरुंद दिसलं म्हणून त्या वर्षी पाऊस कमी होता असं म्हणाल तर फसाल. एका वर्षाचा दुष्काळ नोंदीत दोन-तीन वर्षांचा दिसू लागतो. वलयांवरून हवामान काढणाऱ्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. ते गणिताने हा मागचा प्रभाव गाळून टाकायचे. त्यांना हवा होता पाऊस, झाडाचं रडगाणं नको होतं. परिसंस्थेचा अभ्यास करणाऱ्यांनी उलटा विचार केला: जे गाळून फेकतोय, तीच तर झाडाची गोष्ट आहे.

भाचीने हे सांगितलं तेव्हा मी अण्णांना कॉन्फरन्सवर घेतलं. ते एक मिनिट ऐकत राहिले आणि म्हणाले, "अगं, म्हणजे खरड छाटणीसारखंच की."

ज्यांना द्राक्ष माहीत नाही त्यांच्यासाठी: नाशिककडे बागेची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी. घड दिसतात गोडी छाटणीनंतर. पण तो घड डोळ्यात, म्हणजे काडीवरच्या कळीत, तयार होतो खरड छाटणीनंतरच्या दोन-अडीच महिन्यांत. त्याला बागायतदार सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं, ऊन मिळालं नाही, की काड्या वांझ निघतात. मग ऑक्टोबरात हवा कितीही गोड असू दे, नसलेला घड येत नाही. ऑक्टोबरचा माल बघून फक्त ऑक्टोबरच्या हवेचा हिशेब मांडणारा माणूस बागेत नवखा समजायचा.

पाइनचंही बरंचसं तसंच असतं. अनेक जातींत यंदा किती सुया फुटणार हे गेल्या उन्हाळ्यात कळीतच ठरून गेलेलं असतं.

झाड आठवण ठेवतं ती कुठे?

या विषयात "झाडाची स्मृती" असा शब्द वापरतात. मला तो जरा खटकतो, कारण लगेच कुणीतरी झाडांना भावना असतात वगैरेवर घसरतं. झाडाला मेंदू नाही. शेताची धूप झाली की पुढच्या पिकाला ती भोवते, म्हणून शेताला आठवण आहे असं आपण म्हणत नाही. इथे आठवण म्हणजे शरीरात उरलेला परिणाम, एवढंच.

तो उरतो तीन-चार ठिकाणी. कळीचं आलंच. दुसरं म्हणजे साठा. उन्हात बनवलेली साखर झाड लगेच सगळी संपवत नाही, स्टार्चच्या रूपात खोडात-मुळांत साचवतं. हा साठा किती जुना असतो हे तपासायला एक विचित्र घड्याळ उपयोगी पडलं. १९५० आणि ६० च्या दशकांत उघड्यावर अणुचाचण्या झाल्या, त्यांनी हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण एकदम वाढवलं आणि चाचण्या थांबल्यावर ते वर्षागणिक उतरत गेलं. त्यामुळे साखरेतल्या कार्बनवर जणू तारखेचा शिक्का बसला. अमेरिकेच्या ईशान्येकडच्या जंगलात तपासलं तर खोडातली साखर सरासरी दहाएक वर्षं जुनी निघाली. दुष्काळात हा कणगीतला साठा संपला, तर पुढच्या वर्षी झाड आधी कणगी भरतं, खोड नंतर.

तिसरं, पाणी वर नेणाऱ्या सूक्ष्म नळ्या. पाणी त्यांतून ओढलं जातं. जमीन फार कोरडी झाली की ओढ वाढते आणि नळीत हवेचा बुडबुडा शिरतो. विहिरीवरच्या मोटरीने हवा धरली की पाणी चढत नाही, तसंच. फरक एवढाच की झाडाला पाइप सोडवून पाणी ओतता येत नाही. निकामी झालेल्या नळ्यांच्या जागी नव्या बनवायला एकेक हंगाम लागतो. चौथं, दुष्काळात गळालेल्या सुया. पाइनची सुई अनेक वर्षं टिकते, ब्रिसलकोन पाइनची तर तीस वर्षांहून अधिक. म्हणजे एका वाईट वर्षी पानोळा उतरला की कारखान्यातली तेवढी यंत्रं कित्येक वर्षांसाठी बंद.

बाकी मुळं मरणं, खोलवरची माती कोरडी राहणं, अशक्त झाडावर सालीखालचे भुंगे तुटून पडणं हेही आहे. भुंग्यांचं तर फारच झालं. आपल्याकडे सुकामेव्यात मिळणारा चिलगोजा ज्या कुळातला, त्याच कुळातलं पिनयॉन पाइन तिकडे मैलोनमैल आहे. २००२-०३ च्या सुमारास ती झाडं लाखोंनी मेली. न्यू मेक्सिकोतल्या बारकाईने पाहिलेल्या एका जागी तर शंभरातली नव्वदहून जास्त.

मग मॉडेल नेमकं काय करतं?

शाळेचा निकाल आठवा. समजा घटक चाचणीला २० टक्के भार, सहामाहीला ३०, वार्षिकला ५०. तिन्ही मिळून शंभर. भार माहीत असेल तर गुणांवरून निकाल काढणं सोपं.

झाडाच्या बाबतीत उलटं कोडं आहे. निकाल माहीत आहेत: शंभर वर्षांच्या वलयांची रुंदी. गुण माहीत आहेत: शंभर वर्षांचा महिन्यावार पाऊस आणि तापमान. माहीत नाहीत ते भार. यंदाच्या वलयात यंदाच्या मार्चला किती टक्के, गेल्या हिवाळ्यातल्या बर्फाला किती, दोन वर्षांपूर्वीच्या जुलैला किती? ते हुडकायचं. पूर्वी अभ्यासक आपणच ठरवत की अमुक तीन महिने महत्त्वाचे. आता चार-पाच वर्षं मागचे सगळे महिने रिंगणात ठेवतात आणि भार ठरवायचं काम नोंदींवर सोपवतात. कियोना ओगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ही पद्धत नीट मांडली, त्यानंतर या धाटणीचं काम वाढलं.

त्याआधी एक झाडून घ्यावं लागतं. तरुण झाडाची वलयं आपोआप रुंद असतात, वय वाढेल तशी अरुंद होत जातात, कारण तेवढंच लाकूड मोठ्या घेरावर पसरायचं असतं. म्हणून प्रत्येक वलयाला "या वयाला अपेक्षित रुंदी"ने भागतात. उत्तर एकपेक्षा जास्त आलं तर बरं वर्ष, कमी आलं तर वाईट.

मग संगणक भारांच्या असंख्य जोड्या लावून बघतो. कुठल्या जोड्यांनी खऱ्या वलयांशी मेळ बसतो ते टिपत जातो. पद्धत बेझ या गणितज्ञाच्या नावाची आहे, तत्त्व घरगुती: आधी एक ढोबळ अंदाज धरायचा, पुरावा येईल तसा तो सरकवायचा. आणि उत्तर कधीच एक आकडा नसतं. "गेल्या वर्षीच्या पावसाला २० टक्के" असं न म्हणता "बहुधा १५ ते २५च्या मध्ये" असं ते सांगतं (हे आकडे माझे, उदाहरणापुरते). हा प्रामाणिकपणा मला आवडला. टीव्हीवरच्या हवामानतज्ज्ञांनी उचलावा असा आहे.

"आकडे काय, कसेही जुळवता येतात"

हा आक्षेप रास्त आहे. पाच वर्षांचे साठ महिने आणि शंभर वलयं हाताशी असतील, तर योगायोगानेही काहीतरी जुळेलच. त्यावर पहिला उपाय: काही वर्षांची वलयं मॉडेलपासून लपवून ठेवायची आणि त्याला ओळखायला लावायचं. न पाहिलेल्या पेपरात पास झालं तरच खरं. दुसरा उपाय जमिनीवरचा. न्यू मेक्सिकोतल्या सेव्हियेटा अभयारण्यात २००७ पासून झाडांखाली प्लास्टिकच्या पन्हळी लावून जवळजवळ निम्मा पाऊस बाहेर वळवला गेला. हा मुद्दाम पाडलेला दुष्काळ. तिथे झाडाच्या नळ्यांचं आणि साठ्याचं काय होतं ते प्रत्यक्ष मोजता आलं.

याहून टोचणारा आक्षेप दुसरा आहे आणि तो याच क्षेत्रातल्या लोकांनी काढला. डग्लसपासूनची परंपरा अशी की कांड्या काढायच्या त्या खडकाळ उतारावरच्या, तहानलेल्या झाडांच्या, कारण त्यांच्या वलयांत पाऊस ठळक उमटतो. पण त्या झाडांवरून अख्ख्या जंगलाबद्दल बोलाल, तर दवाखान्याच्या दारात उभं राहून गावाचं आरोग्य सांगितल्यासारखं होईल. २०१८ साली नैऋत्य अमेरिकेतल्या सरकारी वनगणनेच्या कांड्यांशी तुलना केली तेव्हा कळलं की अशा निवडक झाडांवरून हवामानाचा परिणाम सुमारे दीडपट फुगवून दिसतो. भाची आता दोन्ही प्रकारच्या कांड्या वापरते.

इतक्या खटाटोपाचं काय?

माणसं जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतात त्यातला पाव ते तिसरा हिस्सा जमिनीवरची झाडंझुडपं आणि माती शोषतात. पुढच्या शतकाचं हवामान सांगणाऱ्या बऱ्याच मॉडेलांत मात्र झाडं फारच आज्ञाधारक होती: पाणी आलं की लगेच पूर्ववत वाढायची. २०१५ साली जगभरातल्या १,३३८ ठिकाणच्या वलयांचा अभ्यास झाला. तीव्र दुष्काळानंतर झाडं एक ते चार वर्षं अपेक्षेपेक्षा मागे राहतात असं त्यात दिसलं. पहिल्या वर्षी सुमारे ९ टक्के, दुसऱ्या वर्षी ५ टक्के. कोरड्या प्रदेशात आणि पाइनच्या कुळात जास्त.

नऊ टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण दुष्काळ दर तीन वर्षांनी यायला लागला आणि झाडाला सावरायला चार वर्षं लागत असतील, तर ते कधीच सावरत नाही. सावकाराचं व्याज फिटायच्या आत पुढचं कर्ज. आणि नैऋत्य अमेरिकेत नेमकं तेच चाललंय: २००० ते २०२१ ही बावीस वर्षं तिथे इसवी सन ८०० नंतरची सर्वांत कोरडी ठरली, तीही वलयांवरूनच. आता हा आकडा काढताना मागची बाकी गाळावी लागते, आणि जंगलाचं पुढे काय होणार हे सांगताना तीच बाकी धरावी लागते. एकच कांडी, दोन वेगळे हिशेब. २०२६ च्या वाटाघाटीला बसलेल्यांपैकी किती जणांना हे माहीत असेल, कोण जाणे.

आपल्याकडे असं काही आहे?

उष्ण प्रदेशातल्या सदाहरित झाडांत वर्षवलय बहुधा धड उमटत नाही, त्यामुळे तिथे हे काम अवघड. अपवाद आपला साग. उन्हाळ्यात पानं झाडतो, थांबतो, पुन्हा फुटतो, म्हणून त्याची वलयं स्वच्छ दिसतात. पुण्यात पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, तिथल्या शास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात ठाणे भागातल्या सागावर काम केलं. पुढे केरळमधल्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची नोंद उभी केली. त्यात एल निनोच्या वर्षांतले कमी पावसाचे मान्सून अरुंद वलयांत दिसतात. सागातही मागची बाकी आहेच. पावसाळ्याच्या तोंडावर तो ज्या मोठ्या नळ्या बनवतो, त्यांना खर्च आदल्या हंगामातल्या साठ्यातून येतो.

मध्यंतरी एका वखारीत सागाचा ओंडका बघितला. कापलेल्या टोकावर वलयं होती. मी खाली वाकून १९७२ शोधायला लागले. वखारवाला म्हणाला, "ताई, कापला कधी ते माहीत नाही, मग मागे कुठून मोजणार?" बरोबर होतं त्याचं. सालीजवळच्या शेवटच्या वलयाचं साल ठाऊक नसेल, तर एकट्या ओंडक्यावरून कुठलंच साल सांगता येत नाही.

अण्णांकडे मात्र तारखा आहेत. १९९१ पासूनची वही: खरड छाटणी कधी, गोडी छाटणी कधी, ढगाळ दिवस किती, एकरी माल किती. भाचीला ते कळलं तशी ती हरखून गेली आणि पानांचे फोटो मागायला लागली. अण्णा म्हणाले, "फोटोबिटो मला जमत नाही. तू मे महिन्यात ये, झेरॉक्स काढ, आणि वही जागेवर ठेव. आणि तुझ्या त्या गणितात ढगाला किती टक्के येतात ते मला सांग, मला वाटतं निम्मे."